लॉर्ड हाउ बेटावर पहिली वस्ती कोणाची आणि ती जगली कशावर?

ओहोटी

तास्मान समुद्रातल्या लॉर्ड हाउ बेटाच्या सुरुवातीच्या वस्तीबद्दल वाचतोय. तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी मिळाल्या. एकीकडे म्हणे ही ब्रिटिशांची कैद्यांची वसाहत होती. दुसरीकडे म्हणे पॉलिनेशियन दर्यावर्दी त्याच्या कितीतरी आधी राहून गेले. तिसरीकडे दिलंय की १८३४ साली तीन माणसं बायकांसह उतरली आणि पुढे त्यांनी बेट विकून टाकलं. यातलं खरं कोणतं?

शिवाय एक गणित सुटत नाही. धड बंदर नाही, खनिज नाही, ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात जवळचा किनारा ६०० किलोमीटरवर. अशा जागी माणसांनी पोट भरलं कशावर? पर्यटन फार नंतरचं आहे, ते सोडून सांगा.

जुनी_नकाशी

पहिल्या दोन गोष्टी नॉरफोक बेटाच्या आहेत. ते लॉर्ड हाउच्या ईशान्येला ९०० किलोमीटरवर आहे, आणि दोघांची सरमिसळ नेहमीच होते. नॉरफोकवर एमिली बे इथल्या उत्खननात पॉलिनेशियन वस्तीच्या खुणा मिळाल्या आहेत. १७८८ ते १८१४ आणि पुन्हा १८२५ ते १८५५ कैदी ठेवले होते तेही तिथेच. १८५६ मध्ये पिटकेर्न बेटावरून 'बाउंटी' या जहाजावरच्या बंडखोरांचे वंशज आणून वसवले, तेही तिथेच. लॉर्ड हाउवर यातलं काहीही घडलं नाही. कैदी ठेवायला ही जागा चालेल का याचा विचार मात्र पुढे झाला होता. तो तिथेच थांबला.

आधी कोणी राहिलंच नव्हतं हे कशावरून, असा प्रश्न येईल. पॉलिनेशियन माणूस एखाद्या बेटावर टिकून राहिला की तीन गोष्टी मागे सोडतो: दगडी हत्यारं, जंगल जाळल्याच्या कोळशाचा थर आणि छोट्या पॅसिफिक उंदराची हाडं. हा उंदीर त्यांच्या होड्यांतून सगळीकडे पोचला, नॉरफोकवरही त्याची हाडं आहेत. लॉर्ड हाउवर तो नाही, आणि वस्तीची दुसरी कुठलीही खूण मिळालेली नाही. चौथा पुरावा पक्ष्यांचा. १७८८ मध्ये उतरलेल्या खलाशांना तिथली कबुतरं आणि न उडणाऱ्या पाणकोंबड्या हाताने पकडता येत होत्या. ज्या बेटावर माणूस पिढ्यान् पिढ्या शिकार करून गेलाय तिथे पक्षी असे वागत नाहीत. मुळात तिथे न उडणारे पक्षी फारसे शिल्लकच राहत नाहीत.

बेट सापडलं ते ओघाने. लेफ्टनंट हेन्री लिजबर्ड बॉल 'सप्लाय' हे जहाज घेऊन सिडनीहून नॉरफोकला वसाहतीची माणसं पोचवायला निघाला होता. १७ फेब्रुवारी १७८८ ला वाटेत त्याला हे बेट दिसलं. जाताना थांबला नाही. परतताना १३ मार्चला माणसं किनाऱ्यावर उतरवली, बेट ब्रिटनचं असल्याचं जाहीर केलं आणि समुद्री कासवं जहाजात भरली. सिडनीत ताज्या मांसाचे हाल होते, त्यामुळे कासवं ही मोठी कमाई होती. लगेच मे महिन्यात 'सप्लाय'ला पुन्हा कासवांसाठी धाडलं तर एकही मिळालं नाही. तिकडे मेमध्ये थंडी सुरू होते आणि कासवं उबदार पाण्याकडे निघून जातात. त्याच महिन्यात 'लेडी पेनरिन' आणि 'शार्लट' ही जहाजंही येऊन गेली. 'लेडी पेनरिन'वरचा डॉक्टर आर्थर बोज स्मिथ याने काढलेली पक्ष्यांची चित्रं हा आज फार मोलाचा पुरावा आहे, कारण त्यातली पांढरी पाणकोंबडी काही दशकांतच संपली.

नावांचं थोडं: बेटाला नाव मिळालं ते लॉर्ड हाउ या नौदलातल्या बड्या अधिकाऱ्याचं. बॉलने स्वतःची सोयही नीट करून घेतली. दक्षिणेच्या दोन डोंगरांपैकी ७७७ मीटरचा माउंट लिजबर्ड आणि आग्नेयेला समुद्रातून सुळक्यासारखा वर आलेला बॉल्स पिरॅमिड ही दोन्ही त्याचीच नावं. सगळ्यात उंच माउंट गॉवर, ८७५ मीटर.

तांडेल

१८३४ ची गोष्ट खरी आहे. तेवढ्यापुरतं मी लिहितो.

जून १८३४ मध्ये 'कॅरोलाइन' या जहाजातून न्यूझीलंडहून ॲशडाउन, बिशप आणि चॅपमन हे तिघे आले. सोबत त्यांच्या माओरी बायका आणि दोन माओरी मुलगे. जहाजाचा कप्तान ब्लिंकेनथॉर्प. पूर्वेच्या किनाऱ्यावरचं 'ब्लिंकी बीच' हे नाव त्याच्यावरूनच पडलं. म्हणजे पहिल्या वस्तीत बायका आणि मुलगे धरून माओरी माणसं गोऱ्यांपेक्षा जास्त होती. प्रवासी पत्रकांत हे सहसा नसतं.

आता तुमचं गणित. उत्तर आहे व्हेलच्या शिकारीवर निघालेली जहाजं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला समुद्र १८३० ते १८५० च्या सुमारास स्पर्म व्हेलच्या शिकारीचा मोठा पट्टा होता. ही जहाजं दोन-दोन, तीन-तीन वर्षं घरी जात नसत. जहाजावर खारवलेलं मांस आणि कडक बिस्किटं, त्यामुळे काही महिन्यांत ताजी भाजी मिळाली नाही की खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त यायला लागे. सिडनीला जावं तर बंदराचे पैसे द्यावे लागत, खलाशी दारूच्या गुत्त्यात शिरत आणि निम्मे पळून जात. कप्तानाला हवी असायची अशी जागा, जिथे बटाटे, डुकरं, कोंबड्या, मासे, पाणी आणि जळाऊ लाकूड मिळेल, पण गुत्ता नसेल आणि खलाशाला पळायला जागा नसेल. लॉर्ड हाउ नेमकी अशी होती. बेटावर काहीच नसणं हेच तिथलं भांडवल.

व्यवहार मालाच्या बदल्यात माल असा. रोख रकमेचा तिथे उपयोग काय? पीठ, चहा, साखर, कापड, अवजारं जहाजावरून उतरायची आणि बटाट्याच्या गोणी चढायच्या.

अडचण धक्क्याची. पश्चिमेला प्रवाळाच्या भिंतीआड उथळ पाण्याचं लगून आहे. ही जगातली सगळ्यात दक्षिणेकडची प्रवाळाची भिंत मानतात. भिंतीत वाटा आहेत, पण मोठं जहाज आत येऊ शकत नाही. म्हणून जहाज बाहेर उभं राहायचं आणि लहान होड्यांतून माल ये-जा करायचा. वारा पूर्वेचा असेल तर पश्चिमेकडून चढउतार, पश्चिमेचा असेल तर पूर्वेच्या नेड्स बीचवरून. वारा फिरला की कप्तान नांगर उचलून निघून जाणार. मग काढून ठेवलेले बटाटे किनाऱ्यावरच. पुढचं जहाज कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून जो माल जमिनीत किंवा पायांवर टिकतो त्याला किंमत होती, म्हणजे बटाटे, जिवंत डुकरं आणि पुढच्या काळात कांदा. केळी-भोपळे स्वतःच्या पोटाला.

शेती शक्य आहे ती बेटाच्या मधल्या सखल पट्ट्यात, म्हणजे जवळपास ४०० हेक्टरवर. बाकीचा डोंगर. बेट सुमारे १० किलोमीटर लांब, आणि रुंदी ३०० मीटर ते २ किलोमीटर.

ओहोटी

हे चांगलं कळलं, आभार. पण मग 'विकलं' म्हणजे काय? जमीन कोणी दिलीच नव्हती तर विकली कशी?

जुनी_नकाशी

तिथेच खरी मेख आहे. १८४१ च्या सुमारास या तिघांनी आपलं सगळं ओवेन पूल आणि रिचर्ड डॉसन यांना ३५० पौंडांना दिलं. 'सगळं' म्हणजे झोपड्या, पिकं, जनावरं आणि चालू धंदा. जमिनीची मालकी त्यांच्याकडे नव्हतीच, ती ब्रिटिश सरकारकडे. थोडक्यात कब्जा आणि मेहनत विकली. पुढे डॉ. जॉन फाउलिस या भागीदारीत आला. या मंडळींनी धंदा पगारी माणसं ठेवून चालवून पाहिला, पण लांबून चालवायला तो परवडणारा नव्हता. फाउलिस १८४७ मध्ये निघून गेला.

टिकली ती नंतर आलेली कुटुंबं. १८५३ मध्ये नेथन थॉम्पसन हा मॅसॅच्युसेट्सचा अमेरिकी खलाशी आणखी दोन पुरुष आणि गिल्बर्ट बेटांवरच्या (आजचा किरिबाटी) बायकांसह उतरला आणि राहिलाच. थॉम्पसन, निकल्स, विल्सन ही त्या पिढ्यांची आडनावं बेटावर आजही आहेत. त्याच १८५३ मध्ये कप्तान डेनहॅमने 'हेराल्ड' जहाजावरून बेटाच्या भोवतालच्या समुद्राची पहिली पद्धतशीर मोजणी केली. १८५५ पासून बेट कायद्याने न्यू साउथ वेल्सचा भाग आहे.

मालकीचा प्रश्न मात्र शंभर वर्षं लोंबकळला. लोक घरं बांधून, मळे करून राहत होते आणि कागदावर सरकारच्या मर्जीने बसलेले होते. १८७८ मध्ये कॅप्टन रिचर्ड आर्मस्ट्राँग हा पहिला निवासी प्रशासक आला. त्याने सुरुंग लावून लगूनची वाट मोकळी करून घेतली, झाडं लावायला लावली, आणि काही लोकांशी त्याचं वाजलंही. १८८२ च्या चौकशीनंतर त्याला काढलं. अखेर १९५३ च्या लॉर्ड हाउ बेट कायद्याने रहिवाशांना कायमस्वरूपी भाडेपट्टे मिळाले. जमीन आजही सरकारची. पट्टा हस्तांतरित करायचा झाला तर बेटाच्या रहिवाशांना प्राधान्य, आणि 'बेटकरी' कोणाला म्हणायचं याची व्याख्या कायद्यातच दिली आहे. त्यामुळे सिडनीच्या श्रीमंताने जाऊन बंगला विकत घेतला असं तिथे सहजासहजी होत नाही. माझ्या मते बेट अजून बेटासारखं दिसतं याचं निम्मं श्रेय या भाडेपट्ट्यांना आहे.

ताडपान

तांडेल यांनी कांद्यापर्यंत आणून सोडलं, पुढचा धंदा माझ्या आवडीचा.

१८६० नंतर व्हेलवाली जहाजं कमी होत गेली. दिव्यासाठी खनिज तेल आलं आणि व्हेलही मारून मारून विरळ झाले. गिऱ्हाईकच गेलं. कांद्यावर काही काळ निभावलं, १८७० च्या दशकात त्यावर रोग पडला. वाचवलं ते ताडाच्या जातीच्या एका झाडाने.

बेटावर जगात दुसरीकडे कुठेही नैसर्गिकरीत्या न उगवणारे चार ताड आहेत. त्यातला 'केन्शिया' किंवा शास्त्रीय भाषेत हाउया फॉर्स्टेरियाना हा सखल भागातला. पहिल्या घरांची छपरं त्याच्याच झावळ्यांनी शाकारलेली, म्हणून स्थानिक नाव 'थॅच पाम'. १८६९ मध्ये सिडनीच्या वनस्पती उद्यानाचा संचालक चार्ल्स मूर एका सरकारी चौकशीच्या जहाजावरून बेटावर आला आणि हे ताड शास्त्रज्ञांच्या नजरेत आले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत युरोपातल्या दिवाणखान्यांत आणि हॉटेलांत त्याची फॅशन आली. कारण सुंदर पानं एवढंच नव्हतं. अंधारी खोली, कोरडी हवा, थंडी, गॅसच्या दिव्यांचा धूर, हे सगळं सोसून हिरवा राहणारा ताड विरळाच. नारळाचं रोप त्या खोलीत महिनाभर टिकलं नसतं.

ओळखायची खूण: केन्शियात एका जागेतून तीन ते पाच किंवा जास्त लोंगर एकत्र लटकतात. त्याचा भाऊ 'कर्ली पाम' (हाउया बेलमोरियाना) याला एकाच वेळी एकच लोंगर येतो आणि पानं कमानीसारखी वळतात. केन्शिया वालुकामय चुनखडीच्या जमिनीत, कर्ली ज्वालामुखीच्या मातीत. दोघांचा फुलायचा काळ काही आठवड्यांनी पुढेमागे असतो, त्यामुळे संकर क्वचितच होतो. एवढ्याशा बेटावर, मध्ये डोंगर किंवा समुद्राची आडकाठी नसताना, एका जातीच्या दोन कशा झाल्या याचं हे पाठ्यपुस्तकी उदाहरण झालं आहे.

बी काढणं कष्टाचं. खोड सडपातळ, गुळगुळीत, वर वलयं. चढणारा दोन्ही पावलांत पट्ट्याचा फासा अडकवतो आणि पाय आवळून वर सरकतो, आपल्याकडच्या पाडेल्यासारखाच. फळ धरल्यापासून पिकायला तीनएक वर्षं लागतात, म्हणून एकाच झाडावर वेगवेगळ्या वयाची लोंगरं असतात. कच्चं तोडलं तर ते बी कायमचं फुकट. पिकलेलं फळ हिरव्याचं तांबूस होतं तेव्हाच काढायचं. काढल्यावर बी वाळू द्यायचं नाही. वाळलं की उगवण्याची ताकद जाते, आणि युरोपची बोट तर कित्येक आठवड्यांची. ताजं बीसुद्धा उगवायला काही महिने ते वर्षभर घेतं, आणि एकदम न उगवता थोडंथोडं उगवतं. गिऱ्हाईक 'बी खराब निघालं' म्हणून तक्रार करायचं त्यातल्या बऱ्याच वेळा बी नुसतं उशीर करत असायचं.

पैशाची बाजूही बघा. बी गोळा करणारे बेटकरी, नफा दलालांकडे. म्हणून १९०६ मध्ये २१ बेटकऱ्यांनी सिडनीच्या एका बियाणे कंपनीला सोबत घेऊन स्वतःची रोपवाटिका कंपनी काढली. तरी भांडणं मिटेनात. १९१३ मध्ये सरकारने नियंत्रण मंडळ नेमलं आणि बियांचा व्यापार त्याच्या हातात गेला. आज बेट चालवणारं मंडळ त्याचाच वारस.

रानपिंगळा

आणि १९१८ मध्ये या धंद्याला उंदीर लागला.

१५ जून १९१८ च्या सुमारास 'माकाम्बो' हे मालवाहू जहाज बेटाच्या उत्तरेला खडकावर आपटलं. बुडू नये म्हणून ते नेड्स बीचवर आणून टेकवलं, माल उतरवला आणि दुरुस्तीत नऊ दिवस गेले. तेवढ्यात काळे उंदीर किनाऱ्यावर उतरले. घरातले छोटे उंदीर आधीपासून होते, पण काळा उंदीर झाडावर चढतो. तो ताडाची बी लोंगरावरच खातो आणि घरट्यातली अंडी-पिल्लंही.

फक्त याच बेटावर असलेले पाच पक्षी काही वर्षांत नाहीसे झाले: लॉर्ड हाउचा कस्तुर, मैना, नाचरा, गेरिगोन आणि मोठा चष्मेवाला. १७८८ पासून खलाशांनी खाऊन संपवलेले पक्षी वेगळे. पांढरी पाणकोंबडी आणि पांढऱ्या गळ्याचं कबूतर ही माणसाच्या खात्यावर. डुकरं, बकऱ्या आणि मांजरं हे त्याच काळात सोडलेले, त्यांचाही वाटा मोठा.

उपाय केले ते आज वाचून डोक्याला हात लावावा असे. उंदराच्या शेपटीमागे बक्षीस ठेवलं. बक्षिसाने संख्या थोडी खाली येते, संपत मात्र नाही, कारण शेवटचा उंदीर पकडण्याचा खर्च कोणी देत नाही. मग १९२० च्या दशकात घुबडं आणून सोडली. घुबडांनी उंदीर खाल्ले, शिवाय उरलेले पक्षीही खाल्ले.

न उडणारी वुडहेन १९७० च्या दशकात मोजून वीस-तीसवर आली होती, तीही मुख्यतः माउंट गॉवरच्या माथ्यावर, कारण तिथे डुकरं पोचत नव्हती. आधी डुकरं संपवली, मग १९८० मध्ये तीन जोड्या खाली आणून पिंजऱ्यात वाढवल्या आणि पिल्लं सोडली. या क्रमाला महत्त्व आहे. डुकरं तशीच ठेवून पिल्लं सोडली असती तर डुकरांचीच सोय झाली असती.

उंदरांवरचा शेवटचा घाव २०१९ च्या थंडीत. सुमारे ४२ टन विषारी आमिष, डोंगरावर हेलिकॉप्टरने आणि वस्तीत हाताने व पेट्यांमधून. थंडीत का, तर तेव्हा रानात खायला कमी असतं आणि उंदीर आमिष नाकारत नाही. विष उंदरापुरतं राहत नाही, म्हणून बहुतेक वुडहेन आणि बरेच करावाँग पक्षी आधीच पकडून पिंजऱ्यात ठेवले, आणि गुरंही आधी बेटावरून काढावी लागली. बेटावर यावरून वर्षानुवर्षं दोन तट होते. घराघरात पेटी ठेवायची तर प्रत्येकाची साथ हवी, एक अंगण जरी सुटलं तरी सगळं पाण्यात.

तांडेल

छोटी भर. 'माकाम्बो' पुढे जपान्यांना विकलं गेलं, नाव 'काइनान मारू' झालं आणि १९४४ मध्ये फुकेतजवळ ब्रिटिश पाणबुडी 'स्टोइक'ने बुडवलं.

गंमत म्हणून: बेटाची घड्याळं सिडनीच्या अर्धा तास पुढे, म्हणजे ग्रीनिचच्या साडेदहा तास. आपल्यासारखं 'साडे'चं गणित. उन्हाळ्यात तिकडे घड्याळ पुढे करतात तेही फक्त अर्धाच तास.

ओहोटी

शेवटचं एक. बॉल्स पिरॅमिडवर सापडलेल्या काटकीसारख्या किड्याचा या उंदरांशी संबंध आहे ना? आणि उंदीर आता खरंच गेले का?

रानपिंगळा

आहे. तो मोठा, काळा, न उडणारा कीटक पूर्वी बेटावर इतका होता की मासेमारीला आमिष म्हणून वापरत. काळे उंदीर आल्यावर थोड्याच वर्षांत दिसेनासा झाला आणि नामशेष समजला गेला. २००१ मध्ये बॉल्स पिरॅमिडच्या उघड्या कड्यावर, मेलल्युकाच्या झुडपाखाली, २४ कीटक मिळाले. तिथे ना माणूस राहिला ना उंदीर पोचला. २००३ मध्ये दोन जोड्या उचलल्या. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयातली जोडी तगली आणि तिच्यापासून हजारोंनी वाढ झाली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: २०१९ च्या मोहिमेनंतर वुडहेनची संख्या अडीचशेच्या आसपास होती ती काही वर्षांत हजाराच्या वर गेली, ताडाची रोपं जमिनीवर आपोआप उगवायला लागली. पण एप्रिल २०२१ मध्ये वस्तीत पुन्हा उंदीर दिसले. ताबडतोब आमिष, सापळे आणि माग काढणारे कुत्रे लावून तो भाग पिंजून काढला. माल अजूनही ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरून बोटीनेच येतो, त्यामुळे तपासणी तिकडे माल चढण्याआधीही करतात.